शाळेतली रजा: इंदूर जिल्ह्यातल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका संकुलात, म्हणजे आसपासच्या शाळांचा कारभार जिथून चालतो तिथे, स्थापनेचं काम बघते, म्हणजे कोणाची किती रजा शिल्लक, कोणाचा पगार का कापला गेला, कोणाचं सर्विस बुक कुठे अडकलंय, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. आपल्या मराठी शिक्षकांच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, काही प्रायव्हेट शाळांतून पण येतात, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून ठेवले. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की दिसली, रजा नामंजूर झाली म्हणून रडणारे कमी असतात, रजा घेतली पण कागदावर आलीच नाही म्हणून पुढे त्रास झालेले खूप असतात. त्यामुळे जवळपास प्रत्येक उत्तरात मी कागदावर येणार आहे, ते कंटाळवाणं वाटलं तरी वाचा.

१. सरकारी शाळेत वर्षाला सीएल (किरकोळ रजा) किती, आणि उरलेल्या पुढच्या वर्षी मिळतात का?

मध्यप्रदेशात १३. त्या जानेवारी ते डिसेंबर मोजतात, शाळेच्या सेशनप्रमाणे नाही, आणि ३१ डिसेंबरला उरलेल्या संपतात, पुढे जात नाहीत. याशिवाय ३ ऐच्छिक सुट्ट्या असतात, त्या सरकारने दिलेल्या यादीतल्या दिवसांनाच घेता येतात. सीएलच्या मधे किंवा मागेपुढे रविवार आला तर तो सीएलमधे धरत नाहीत. सीएल दुसऱ्या कुठल्याही रजेला जोडता येत नाही, म्हणजे दोन दिवस सीएल आणि लगेच त्याला चिकटून मेडिकल असं चालत नाही, तसं केलं तर ते दोन दिवस पण मेडिकलमधेच धरले जातात, हे दर वर्षी कोणाला ना कोणाला नव्याने सांगावं लागतं.

२. आम्हाला उन्हाळ्याची सुट्टी असते म्हणून ईएल (अर्जित रजा) मिळतच नाही असं ऐकलंय, खरं का?

आता नाही. १९७७ चे अवकाश नियम जाऊन मध्यप्रदेश सिविल सेवा (अवकाश) नियम २०२५ हे १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेत आणि त्यात शिक्षकांना वर्षाला १० दिवस अर्जित रजा आहे. शाळेतले बाबू, प्यून ही मंडळी सुट्टीवाल्या वर्गात येत नाहीत, त्यांना वर्षाला ३० दिवस, जानेवारीत १५ आणि जुलैत १५ असे खात्यात पडतात, आणि ३०० दिवसांपर्यंत साठतात.

उन्हाळ्यात तुम्हाला शाळेत किंवा ट्रेनिंगला किंवा सर्वेला बोलावलं असेल तर बोलावण्याचा लेखी आदेश आणि तिथल्या हजेरीचं प्रमाणपत्र, दोन्ही त्याच आठवड्यात सर्विस बुकाला लावून घ्या. फोनवर सांगितलं होतं, सगळ्यांना माहीत आहे, असं तीन वर्षांनी सांगून कोणी काही चढवून देत नाही.

३. मेडिकल रजा म्हणजे नक्की कोणती, तिचा पगार पूर्ण का अर्धा?

मुळात ती अर्ध्या पगाराची रजा असते, वर्षाला २० दिवस. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर तीच पूर्ण पगाराची करून घेता येते, त्याला लघुकृत अवकाश म्हणतात, पण मग खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, १० दिवस आजारी पडलात तर २० गेले. ज्यांना गुडघ्याचं ऑपरेशन, केमो असं काही पुढे दिसतंय त्यांनी छोट्या ताप-सर्दीत ही रजा घालवू नये, त्यासाठी सीएल वापरावी असं मी सगळ्यांना सांगते.

परत येताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय जॉइन करून घेत नाहीत. आणि सर्टिफिकेट दिलं म्हणजे रजा आपोआप मंजूर झाली असं नसतं, शंका आली तर अधिकारी मेडिकल बोर्डाकडे पाठवू शकतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका, रिपोर्टची फाइल घेऊन जा आणि दाखवून या.

४. मॅटर्निटीचे किती दिवस? आणि मधे उन्हाळ्याची सुट्टी आली तर ती वेगळी मिळेल का?

सरकारी नोकरीत १८० दिवस, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर, आणि पूर्ण पगार. मधे आलेली सुट्टी त्यातच जाते, ती वाढवून मिळत नाही. मात्र मॅटर्निटी संपल्यावर लागूनच दुसरी रजा घेता येते, बहुतेक जणी सीसीएल (बालसंगोपन रजा) जोडतात, त्याबद्दल प्र. ७ मधे आहे. सीएल मात्र जोडू नका, कारण प्र. १ मधे लिहिलंय.

रजेवर जाण्याआधी अर्ज द्या. बाळंतपण लवकर झालं आणि अर्ज राहिला तर घरच्या कोणी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर आणि मग हातात असा दोन्हीकडून द्यावा, आवक नंबर घ्यावा.

५. मी प्रायव्हेट शाळेत आहे, मॅडम म्हणतात आमच्याकडे मॅटर्निटी तीनच महिने. बरोबर आहे का?

१० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत २६ आठवडे आहेत, ही गोष्ट २०१७ च्या दुरुस्तीपासून आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जो सामाजिक सुरक्षा संहितेचा कायदा लागू झाला त्यातही तसंच ठेवलंय. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिवरीच्या आधी घेता येतात. आधीची दोन मुलं असतील तर १२ आठवडे. अट एवढीच की डिलिवरीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या शाळेत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. गर्भपात झाला तर ६ आठवडे, त्यासाठी पुरावा म्हणून डॉक्टरांचा कागद पुरतो.

या काळात नोकरीवरून काढणं किंवा पगार-अटी कमी करणं बेकायदेशीर आहे. परत आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यावा लागतो, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय पण. या दोन गोष्टी कितीतरी जणींना माहीतच नसतात आणि त्या नवव्या-दहाव्या महिन्यात नोकरी सोडून देतात, फार वाईट वाटतं मला ते ऐकून.

६. माझा कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमधे संपतोय आणि ड्यू डेट मार्चमधे आहे, मग रजा फक्त एप्रिलपर्यंत का?

नाही. ऑगस्ट २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका कंत्राटी डॉक्टरच्या केसमधे स्पष्ट सांगितलंय की मॅटर्निटीचे फायदे कॉन्ट्रॅक्टच्या तारखेपुढे पण चालू राहतात, ८० दिवसांची अट पूर्ण झाली की झालं. शाळेला हे लेखी पत्रात लिहून द्या, भांडणाच्या सुरात नको, नुसतं निर्णयाचं वर्ष आणि आपल्या तारखा. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवणं न वाढवणं हा वेगळा विषय, त्या पत्रात तो मिसळू नका.

७. सीसीएल हक्क आहे ना? मग प्राचार्य नाही कसं म्हणतात?

सरकारी शिक्षिकेला पूर्ण नोकरीत ७३० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी, आणि एका वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा नाही. नव्या नियमांत पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के आहे. एकट्याने मूल सांभाळणाऱ्या वडिलांना पण मिळते.

आता हक्काचं. कुठलीही रजा मागितली की मिळालीच असा नियम नाही, कामाची गरज बघून अधिकारी पुढे ढकलू शकतात. फेब्रुवारी-मार्चमधे बोर्डाच्या परीक्षा, त्या वेळी दहावी-बारावीच्या शिक्षिकेने तीन महिने मागितले तर संकुल प्राचार्य अडकतातच, त्यांची बाजू पण समजून घ्या. पण नुसतं तोंडी "नाही मिळणार" हे उत्तर घेऊन घरी जायचं नाही, अर्जावर कारणासकट शेरा मागा. एप्रिल २०२४ मधे हिमाचलच्या एका असिस्टंट प्रोफेसरच्या केसमधे, जिच्या मुलाला जन्मापासून अनुवांशिक आजार होता, सुप्रीम कोर्ट म्हणालं की सीसीएल ही बायकांना नोकरीत टिकवण्यासाठी घटनेतून येणारी जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही. मूल आजारी किंवा दिव्यांग असेल तर अर्जात ते साफ लिहा, डॉक्टरांचे कागद लावा, संकोच करू नका.

माझा अनुभव असा की सहा महिने आधी तारखा सांगणाऱ्या बाईंची सीसीएल क्वचितच अडते, कारण तोपर्यंत वर्गाची सोय होऊ शकते. लांबच्या रजेच्या जागी अतिथी शिक्षक मागवायचा असेल तर प्राचार्यांना पण पोर्टलवर वेळेत मागणी टाकावी लागते.

८. वडील होणाऱ्यांना काही आहे का?

सरकारी नोकरीत १५ दिवस, दोनपेक्षा कमी मुलं असतील तर. प्रायव्हेटमधे कायद्याने काही नाही, शाळेच्या पॉलिसीत असेल तरच, नसेल तर प्राचार्यांशी आधी बोलून ठेवा.

९. कलेक्टर साहेबांनी थंडीमुळे सुट्टी दिली, मग आम्ही पण जायचं नाही ना?

आदेश पूर्ण वाचा. थंडी, पाऊस यासाठीचे आदेश बहुतेक वेळा मुलांसाठी असतात आणि खाली एक ओळ असते की शिक्षक व कर्मचारी नेहमीप्रमाणे हजर राहतील. तो फोटो ग्रुपवर फिरताना वरचा अर्धाच फिरतो आणि मग अर्धा स्टाफ गैरहजर, आणि माझ्याकडे रांग. रंगपंचमीची गोष्ट वेगळी, इंदुरात गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा जिल्ह्याची स्थानिक सुट्टी जाहीर होते, ती सगळ्यांची सुट्टी, त्याची सीएल लावायची गरज नाही.

१०. बीएलओची (मतदार यादीचं काम बघणाऱ्याची) ड्यूटी, जनगणना, इलेक्शन, हे दिवस रजेत धरतात का?

नाही, ते ऑन ड्यूटी. शिक्षणाचा हक्क कायदा २००९ च्या कलम २७ मधे शिक्षकांना शिकवण्याबाहेरच्या कामाला लावता येत नाही असंच म्हटलंय पण तीन अपवाद दिलेत, दहा वर्षांची जनगणना, आपत्ती आणि निवडणुका. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ मधे मतदार यादीचं विशेष पुनरीक्षण सुरू झालं तेव्हा गेलेले, किंवा फेब्रुवारी २०२७ च्या जनगणनेला जातील ते, सगळे ड्यूटीवरच. पण हजेरी रजिस्टरमधे तसं लिहिलं गेलं पाहिजे आणि आदेशाची प्रत शाळेत असायला हवी, नाहीतर रजिस्टरमधला कोरा चौकोन महिनाअखेर गैरहजेरी होऊन जातो.

निवडणुकीच्या काळात रजा हवी असेल तर एकटे प्राचार्य ती देऊ शकत नाहीत, जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे कलेक्टर यांच्याकडून परवानगी लागते, आजारपण असेल तर बहुधा मेडिकल बोर्ड. ड्यूटी लागल्यावर न सांगता न जाणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३४ खाली गुन्हा आहे, नुसती पगारकपात नाही. खरंच आजारी असाल तर पहिल्याच दिवशी कागद घेऊन जा, ट्रेनिंगच्या दिवशी नको.

११. मी शाळेत होतो पण 'हमारे शिक्षक' ॲपवर हजेरी लागलीच नाही, नेटवर्क नव्हतं. आता सीएल लावायला सांगतायत.

हा प्रश्न जुलै २०२५ पासून सगळ्यात जास्त येतो, महू आणि मानपूरकडच्या शाळांतून विशेष. सीएल लावायची घाई करू नका, एकदा तुम्ही स्वतः रजा टाकलीत की तुम्ही नव्हतातच असं तुमच्याच हाताने लिहून दिल्यासारखं होतं. त्याच दिवशी करायचं ते असं: ॲपच्या एररचा स्क्रीनशॉट वेळेसकट, शाळेच्या रजिस्टरमधे सही, आणि प्राचार्यांना दोन ओळींचं पत्र की अमुक वेळेला हजर होतो, हजेरी लागली नाही. प्राचार्यांनी ते संकुलाकडे पुढे पाठवलं की महिनाअखेरीच्या आत दुरुस्त करता येतं. पगार बिल गेल्यावर दुरुस्त करायचं म्हणजे एरियरचं वेगळं प्रकरण करावं लागतं आणि त्याला महिने लागतात.

१२. अर्ज दिलाय, उत्तर आलं नाही, तिकिटं काढलीत. जाऊ का?

मंजुरीशिवाय जाऊ नका. अर्ज देणं म्हणजे मंजुरी नाही. पण अर्ज धूळ खात पडू नये यासाठी तुमच्या हातात बरंच असतं, आवक नंबर घेतलेली प्रत ठेवा, पाच-सहा दिवसांनी त्याच नंबराचा उल्लेख करून आठवण द्या, ॲप किंवा पोर्टलवर टाकला असेल तर त्याचा नंबर पण त्यातच लिहा.

इंदूरच्या बाहेर जात असाल तर रजेबरोबर मुख्यालय सोडायची परवानगी वेगळी मागायची, त्याच अर्जात एक ओळ लिहिली तरी चालते. परदेशात मुलाकडे-मुलीकडे जाणाऱ्यांची संख्या आता आपल्यात खूप आहे, त्यांच्यासाठी विभागाची परवानगी वेगळी लागते, नुसती ईएल मंजूर होऊन चालत नाही, आणि तो कागद डीईओ (जिल्हा शिक्षण अधिकारी) ऑफिसच्या वर पण जाऊ शकतो म्हणून विमानाचं तिकीट शेवटी काढा.

१३. न सांगता गैरहजर राहिलं तर फक्त तेवढे दिवस पगार जातो ना?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. मंजूर झालेली बिनपगारी रजा आणि अनधिकृत गैरहजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पगार जातो, मेडिकल कारण नसेल तर इन्क्रिमेंट पण तेवढं पुढे सरकतं, पण नोकरी सलग राहते. दुसरीत ते दिवस 'डाइज नॉन' होऊ शकतात, म्हणजे नोकरीत मोजलेच जात नाहीत, विभागीय चौकशी लागू शकते, आणि सेवेत खंड पडला असं नोंदलं गेलं तर पेन्शन-ग्रॅच्युइटीपर्यंत त्याचा हिशोब जातो. म्हणून आधीच गैरहजर राहून गेले असाल तर वाट न बघता कारणासकट रजेचा अर्ज द्या, कागद लावा, आणि गैरहजेरी रजेत बदलण्याची विनंती करा. उशिराने का होईना मंजूर झाली तर खूप काही वाचतं.

१४. महालक्ष्म्यांना आमच्या शाळेतल्या चार बायकांना एकाच दिवशी सुट्टी हवी असते, प्राचार्यांनी काय करावं?

हा प्रश्न मला एका प्राचार्य बाईंनीच पाठवला, आणि खरा प्रश्न आहे, आपल्याकडे घरची सून नसेल तर महालक्ष्म्या बसतच नाहीत. पहिलीच्या वर्गाला त्या दिवशी बाई नसल्या तर मुलं नुसती बसून राहतात, ते पण बरोबर नाही, पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शिकवणं कायद्यानेच ठरलंय. माझं मत असं की जून-जुलैतच सगळ्यांनी आपल्या घरच्या पक्क्या तारखा एका रजिस्टरमधे लिहाव्यात, ज्यांना आवाहनाच्या दिवशी हवी त्यांनी, ज्यांना जेवणाच्या दिवशी हवी त्यांनी, बरेचदा तिथेच अर्ध सुटतं. त्या तारखांना ऐच्छिक सुट्टी बसते का बघा. मग ज्यांनी मागच्या वर्षी सोडली त्यांना या वर्षी आधी. वर्गांची व्यवस्था कोण बघणार हे अर्जावरच लिहायला लावा. आणि नाव रजिस्टरमधे असलं तरी अर्ज वेगळा लागतोच.

१५. तिसरं मूल आहे, पण पहिली दोन नवऱ्याच्या आधीच्या लग्नाची आहेत, मॅटर्निटी मिळेल?

ऑगस्ट २०२२ मधे चंडीगडच्या एका नर्सच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने हेच ठरवलं, नवऱ्याच्या आधीच्या मुलांसाठी सीसीएल घेतली होती म्हणून तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची रजा नाकारता येणार नाही. आणि मे २०२५ मधे तामिळनाडूच्या सरकारी शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिकेची केस, तिची पहिल्या लग्नाची दोन मुलं पहिल्या नवऱ्याकडे राहतात, दुसऱ्या लग्नातल्या मुलासाठी रजा नाकारली होती, कोर्टाने ती द्यायला लावली. तुमचा अर्ज साध्या फॉर्मवर देऊ नका, वेगळं पत्र लिहा, कुटुंबाची सगळी माहिती खरी आणि पूर्ण द्या, दोन्ही निर्णयांचा उल्लेख करा. माहिती लपवून मिळालेली रजा नंतर वसुलीत जाते.

१६. शाळेतल्या त्रासाबद्दल तक्रार केली आहे, त्याच माणसासमोर रोज जावं लागतं. रजा मिळेल का?

हो. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी चालू असताना २०१३ च्या कायद्याच्या कलम १२ खाली ३ महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि ती तुमच्या इतर रजेतून वजा होत नाही. सरकारी-प्रायव्हेट दोन्हीकडे. मागणी अंतर्गत समितीकडे लेखी करायची, समितीने शिफारस केली की शाळेला द्यावी लागते. त्या माणसाची किंवा तुमची बदली मागायची सोय पण त्याच कलमात आहे. या प्रश्नाचं पुढचं बोलणं ग्रुपवर नको, मला वेगळं लिहा.

१७. घरात मयत झाली तर वेगळी रजा आहे का?

वेगळी नाही. थोडेच दिवस हवे असतील तर सीएल, तेराव्यापर्यंत हवी असेल तर पहिल्या दिवसापासूनच ईएल किंवा शिल्लक असेल ती, कारण सीएल जोडता येत नाही. फोन करून सांगितलं तरी पुरे, अर्ज परत आल्यावर. प्राचार्यांना आणि माझ्या बरोबरीच्या बाबूंना विनंती, त्या तेरा दिवसांत कागदासाठी फोन करू नका.

१८. प्रायव्हेट शाळा मे-जूनचा पगार देत नाही आणि म्हणते नोकरीत ब्रेक आहे, ग्रॅच्युइटी जाईल का?

शिक्षकांना ग्रॅच्युइटी ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरलेली आहे, २००९ च्या दुरुस्तीने, आणि प्रायव्हेट शाळांनी त्याविरुद्ध केलेली केस ऑगस्ट २०२२ मधे सुप्रीम कोर्टात फेटाळली गेली. वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष सलग धरतात, पाच दिवसांचा आठवडा असेल तर १९०, आणि त्यात पगारी रजा आणि मॅटर्निटीचे २६ आठवडे पण मोजतात. तुमच्या हजेरीचे दिवस, पगाराच्या बँक एन्ट्र्या, दर वर्षीचं नेमणूक पत्र घरी फाइल करून ठेवा. एक लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्टाच्या १९८८ च्या निर्णयानुसार शिक्षक हे 'कामगार' या व्याख्येत येत नव्हते, म्हणून बस ड्रायव्हर किंवा क्लार्क ज्या वाटेने लेबर ऑफिसात जातात ती सगळी वाट शिक्षकाला मोकळी नसते, ग्रॅच्युइटी आणि मॅटर्निटीसाठी मात्र जाता येतं.

१९. माझ्या रजेचा हिशोब मला बघायला मिळतो का, आणि बदली झाल्यावर तो कुठे जातो?

मिळतो, मागा. दर वर्षी जानेवारीत सर्विस बुकातलं रजेचं पान बघून त्यावर सही करायची, फोटो काढून ठेवायचा. बदली झाली की एलपीसीबरोबर (शेवटच्या पगाराचं प्रमाणपत्र) सर्विस बुक पण नव्या संकुलात जातं, जाण्याआधी चालू वर्षाच्या सीएल किती झाल्या ते पण लिहून घ्या, नाहीतर नव्या ठिकाणी शून्यापासून विचारपूस होते. रिटायर होताना अर्जित रजेचे ३०० दिवसांपर्यंत पैसे मिळतात आणि ते याच पानावरून काढतात. तुमच्या पानावर मधली वर्षं कोरी असतील तर जुन्या आदेशांच्या प्रती घेऊन रिटायरमेंटच्या दोन-तीन वर्षं आधी या, त्या वेळी ज्या प्राचार्यांनी सही केली होती ते अजून कुठे ना कुठे भेटतात.